ह्यूस्टनला नर्स म्हणून येताय, पहिलं पिस्तूल घ्यायचंय

ताई, तुमचा प्रश्न वाचला. ईबी-३ या नोकरीवर आधारित प्रकारातून ग्रीन कार्डावर येताय, ह्यूस्टनच्या हॉस्पिटलात रात्रपाळी असणार, सुरुवातीला एकट्याच राहणार, आणि आजवर बंदुकीला हात लावलेला नाही. पहाटे पार्किंगमधून गाडीपर्यंत जायची धास्ती वाटते म्हणून कपड्यांआड बाळगता येईल असं पहिलं पिस्तूल कोणतं घ्यावं, असं विचारलंत. कोणीतरी तुम्हाला ‘बायकांसाठी हलकंफुलकं’ म्हणून छोटं रिव्हॉल्व्हर सुचवलंय. मी टेक्सासात बरीच वर्षं राहते, परवाना काढलेला आहे, आणि आपल्याकडच्या बऱ्याच बायकांना पहिल्यांदा रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागी, घेऊन गेले आहे. म्हणून सविस्तर लिहिते.

आधी कायदा, कारण इथे चूक झाली तर ती ग्रीन कार्डावर शेकते. एच-१बी, एच-४, एफ-१ किंवा टुरिस्ट अशा तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूकच काय, एक काडतूसही जवळ बाळगता येत नाही. शिकारीचा वैध परवाना असेल तर सूट आहे, पण ती अपवादापुरती. तुम्ही ग्रीन कार्डावर येताय म्हणून तुम्हाला विकत घेता येईल. पण रूममेट एच-१बीवर असेल, किंवा उद्या आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले, तर तिजोरीचा कोड त्यांना सांगायचा नाही, ‘जरा हे धर’ म्हणून हातात द्यायचं नाही. शिवाय ग्रीन कार्डधारक शस्त्रासंबंधीच्या गुन्ह्यात दोषी ठरला तर त्याला देशाबाहेर काढता येतं. नागरिकाला जे दंडावर निभावतं ते आपल्याला निभावेलच असं नाही.

टेक्सासात १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षांवरच्या, कायद्याने पात्र माणसाला परवान्याशिवाय पिस्तूल बाळगता येतं. त्यामुळे ‘लायसन्स कशाला काढतेस’ असं तुम्हाला बरेच जण सांगतील. त्यांचं ऐकू नका, काढाच. शाळेपासून १००० फुटांच्या आत भरलेलं पिस्तूल नेण्यावर केंद्रीय बंदी आहे, आणि तिच्यातून सुटका त्या राज्याचा परवाना असलेल्यांना मिळते. शहरात शाळा टाळून गाडी चालवणं अशक्य आहे. परवान्यासाठीचा वर्ग चार ते सहा तासांचा असतो. मग ३, ७ आणि १५ यार्डांवरून मिळून ५० गोळ्या झाडून २५० पैकी १७५ गुण मिळवायचे. थोड्या सरावानंतर हे जमतं. वर्गात वादावादी टाळणं, बळ कधी वापरता येतं, बारबाहेरची लाल ‘५१%’ पाटी म्हणजे काय (तिथे पिस्तूल नेता येत नाही), हे सगळं शिकवतात. नव्या देशात आलेल्या माणसाला ते ऐकणं गरजेचंच आहे. आणि हा परवाना टेक्सासचा आहे हे विसरू नका. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया तो मानत नाहीत. न्यू जर्सीत एडिसनला बहिणीकडे गणपतीला जाताना पिस्तूल घरीच राहील.

आता मुख्य गोष्ट. टेक्सासच्या कायद्याने हॉस्पिटलच्या इमारतीत, व्यवस्थापनाची लेखी परवानगी नसेल तर, पिस्तूल नेता येत नाही. परवाना असला तरी नाही. गाडीत कुलूपबंद ठेवता येतं. कर्मचाऱ्याने कायदेशीर शस्त्र स्वतःच्या बंद गाडीत ठेवलं तर मालकाला ते सहसा अडवता येत नाही, असा कायदा राज्याने २०११ मध्ये केला. पण याचा अर्थ नीट बघा. इमारतीच्या दारापासून गाडीपर्यंतची जी दहा मिनिटं तुम्हाला भीतीची वाटतात, नेमकी त्याच वेळी पिस्तूल तुमच्याजवळ नसणार. ते त्या गाडीत असणार, जिच्याकडे तुम्ही चालत निघाला आहात. आणि तुम्ही वॉर्डात असाल ते बारा तास ते पार्किंगमध्ये पडून राहणार, जिथे काच फोडून चोरी होऊ शकते.

म्हणून त्या दहा मिनिटांसाठी माझा सल्ला पिस्तुलाचा नाहीच. ड्यूटी संपली की सिक्युरिटीला फोन करून सोबत मागा. बहुतेक मोठ्या हॉस्पिटलांत ही सोय असते आणि मागण्यात संकोच करण्यासारखं काही नाही. पाळी सुटणाऱ्या दोघीतिघी एकत्र निघा. पेपर स्प्रेची छोटी बाटली टेक्सासात कायदेशीर आहे. हॉस्पिटलच्या आत चालते का, एवढं एचआरला विचारा. नोकरी पक्की करताना पार्किंग कुठे मिळणार हेही विचारून घ्या. ह्यूस्टनच्या टेक्सास मेडिकल सेंटरसारख्या हॉस्पिटलांच्या अवाढव्य परिसरात गाडी कुठे लागते याने बराच फरक पडतो.

एवढं करूनही घरासाठी आणि सुट्टीच्या दिवसांसाठी पिस्तूल हवंसं वाटत असेल, तर तो तुमचा हक्क आहे, आणि तिथे मी तुमच्या बाजूने आहे. फक्त मग सगळ्यात छोट्या पिस्तुलाची गरज उरत नाही.

ते सुचवलेलं रिव्हॉल्व्हर घेऊ नका. उदाहरणार्थ स्मिथ अँड वेसनचं ६४२ बघा: रिकामं सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास, पाच गोळ्या, .३८ स्पेशल मापाच्या. हलकं असल्यामुळे गोळीचा सगळा झटका तळहातात येतो, नळी जेमतेम दोन इंच, आणि ट्रिगर ओढायला साधारण साडेपाच किलोचा जोर लागतो. तेवढा जोर लावताना नवशिक्या हाताचा नेम हलतोच. अनुभवी माणसासाठी ते उत्तम हत्यार आहे. नव्या बाईच्या हाती दिलं की ती दहा गोळ्यांत कंटाळते, पिस्तूल कपाटात जातं आणि सराव थांबतो. अगदी छोट्या .३८० पिस्तुलांचंही तेच. रुगरचं एलसीपी खिशात मावतं, पण हाताला चावतं. वजनदार पिस्तूल झटका स्वतःमध्ये मुरवतं. दुकानात हलकं छान वाटतं, रेंजवर जड छान वाटतं, आणि निवड रेंजवर करायची असते.

गोळी ९ एमएमचीच धरा. झटका आवरता येतो, मॅगझिनमध्ये जास्त मावतात, सरावाच्या गोळ्या त्यातल्या त्यात स्वस्त पडतात. (भारतात हाच बोअर, म्हणजे गोळीचं हे माप, सामान्य नागरिकाला निषिद्ध आहे. इथे सगळ्यात जास्त चालणारा तोच आहे.)

मग हात बघा. पिस्तूल हातात बसवून पकडल्यावर तर्जनीचं पहिलं पेर ट्रिगरवर सहज पोचलं पाहिजे. त्यासाठी मनगट फिरवावं लागत असेल तर ते पिस्तूल तुमचं नाही. स्लाइड (पिस्तुलाचा वरचा सरकणारा भाग) मागे ओढता येत नाही अशी बायकांची नेहमीची तक्रार असते, आणि दुकानदार लगेच रिव्हॉल्व्हर पुढे करतो. ताकद कमी पडत नाही, पद्धत चुकते. पिस्तूल छातीजवळ घ्या, नळी समोर मोकळ्या दिशेला, डाव्या हाताने स्लाइड वरून मुठीत धरा आणि उजव्या हाताने पिस्तूल पुढे ढकला. पेशंटला कूस बदलून देणारे हात आहेत तुमचे, जमेल. संधिवात किंवा मनगटाचं दुखणं असेल तर स्मिथ अँड वेसनच्या शील्ड ईझीची स्लाइड मुद्दाम हलकी केलेली आहे.

रेंजवर चार पिस्तुलं भाड्याने घेऊन बघा: ग्लॉक १९, ग्लॉक ४३एक्स, सिगचं पी३६५ एक्सएल आणि वॉल्थर पीडीपी एफ. हे शेवटचं २०२२ मध्ये बायकांच्या हातांची मापं डोळ्यांसमोर ठेवून आलं; ट्रिगरचं अंतर कमी, स्लाइड हलकी. ग्लॉक १९ मध्ये १५ गोळ्या मावतात, भरल्यावर वजन साडेआठशे ग्रॅमच्या आसपास. शिकायला फार चांगलं, लपवायला जरा जाड. बारीक अंगाच्या बाईला ४३एक्स किंवा ३६५ एक्सएल कपड्यांआड जास्त सोपं जातं. माझं मत विचाराल तर पहिलं म्हणून या दोघांतलं एक. पण प्रत्येकाच्या पन्नास गोळ्या झाडून, ज्याने कागदावरची भोकं सर्वांत जवळजवळ पडतील ते घ्या. रंग कुठलाही असो.

आणि सुरुवात ९ एमएमनेही करू नका. आधी .२२ बोअरचं, म्हणजे बारीक गोळीचं पिस्तूल मागा. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतने २०१८ च्या एशियन गेम्समध्ये २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकलं, तो प्रकार .२२ चाच. आवाज कमी, झटका जवळपास नाही, त्यामुळे ट्रिगर शांतपणे दाबायची सवय लागते. आवाजाच्या भीतीने डोळे मिटायची सवय एकदा लागली की ती मोडायला फार वेळ जातो. ग्लॉक ४४ हे .२२ चं पिस्तूल ग्लॉक १९ च्याच मापाचं आहे, म्हणून पकड तीच राहते.

बाळगायचं तर होल्स्टरवर, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानावर, पैसे वाचवू नका. ट्रिगर पूर्ण झाकणारं, कायडेक्स या कडक प्लास्टिकचं हवं. आपल्या कपड्यांची अडचण खरी आहे: कुर्त्याखालच्या लेगिंगला पट्टा लावता येत नाही, नाडीच्या पँटलाही नाही. त्यासाठी पोटाला बांधायचा पट्टा मिळतो, पण नुसत्या कापडाचा नको. ट्रिगरवर कडक कवच असलेला बघा. पर्समध्ये ठेवू नका. पर्स हिसकावली जाते, विसरते, आणि लेकरं आईच्या पर्समध्ये हात घालतातच. २०१४ च्या डिसेंबरमध्ये आयडाहोतल्या एका दुकानात दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधलं पिस्तूल काढलं, गोळी सुटली आणि ती आई गेली.

घरी तिजोरी, आणि गाडीत सीटखाली केबलने जखडलेली छोटी पेटी, हे दोन्ही पिस्तुलाच्या आधी विकत घ्या. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं पिस्तूल लागेल असं निष्काळजीपणे ठेवणं टेक्सासात गुन्हा आहे.

एक गोष्ट नर्स म्हणून तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. परदेशातलं पहिलं वर्ष, उलटी झोप, आपलं माणूस नाही, हे सगळं जड जातं. मन खचलेलं असेल तर त्या काळात घरात पिस्तूल आणू नका. आधीच आणलेलं असेल तर कायद्याने पात्र असलेल्या विश्वासू माणसाकडे ठेवायला द्या. याचा खरंच विचार करा.

म्हणून घाई नको. आल्यावर टेक्सासचं ड्रायव्हिंग लायसन्स चालू पत्त्यासह काढा, खरेदीला चालू पत्ता असलेलं सरकारी फोटो ओळखपत्र लागतंच. घर लागू द्या, ड्यूटीचं वेळापत्रक बसू द्या. मग नवशिक्यांचा वर्ग, .२२, भाड्याची पिस्तुलं, परवाना, आणि सगळ्यात शेवटी खरेदी. बजेट पिस्तुलापुरतं धरू नका. पाचसहाशे डॉलर पिस्तुलाचे, आणि जवळपास तेवढेच वर्ग, गोळ्या, होल्स्टर आणि तिजोरीचे.

रेंजवर जाताना गळाबंद टी-शर्ट आणि बंद बूट घाला. तापलेलं रिकामं काडतूस गळ्यातून आत गेलं की माणूस दचकतो, आणि दचकलेल्या हातात पिस्तूल असतं. मंगळसूत्र आत खोचा. कानात बोळे आणि त्यावर मफ, दोन्ही. गोळीबारात शिशाची धूळ उडते, म्हणून नंतर थंड पाण्याने साबण लावून हात धुवा, कपडे वेगळे टाका. गरोदर असाल तर रेंजवर जाऊच नका.

रेंजची बॅग कायमची वेगळी ठेवा, ती प्रवासाला कधीही वापरू नका. तळाशी राहिलेलं एक काडतूस मुंबईच्या विमानतळावर स्कॅनरमध्ये दिसलं तर शस्त्र कायद्याखाली गुन्हा दाखल होऊ शकतो, आणि सुट्टीला आलेला माणूस कोर्टाच्या तारखांत अडकतो. भारतात जायच्या आधी दर वेळी सगळ्या बॅगा उलट्या करून झटका.