मळीवर बॅक्टेरिया जोमात वाढतात, पण ग्लुटामिक ॲसिड का मिळत नाही?

तुम्ही एमएस्सीच्या प्रोजेक्टसाठी सोलापूर जिल्ह्यातल्या साखर कारखान्याची मळी (मोलॅसिस) वापरून कोरिनेबॅक्टेरियम ग्लुटामिकम हा जीवाणू वाढवताय. ओडी (गढूळपणावरून मोजलेली वाढ) चढतोय, ग्लुटामिक ॲसिड हे अमिनो ॲसिड मात्र नावालाच, म्हणून स्ट्रेन, म्हणजे जीवाणूचा वाण, बदलायचा विचार आहे. तो इतक्यात बदलू नका. मला संशय मळीतल्या बायोटिन या जीवनसत्त्वाचा येतो.

हा जीवाणू बायोटिन स्वतः बनवू शकत नाही. लिटरला २ ते ५ मायक्रोग्रॅम इतकंच मिळालं तर फॅटी ॲसिड तयार करणं मंदावतं, पेशीपटलावरचा ताण बदलतो, पटलातली वाहिनी उघडते आणि ग्लुटामेट (ग्लुटामिक ॲसिडचंच द्रावणातलं रूप) बाहेर पडतं. शिवाय अल्फा-कीटोग्लुटारेट पुढे नेणारं एन्झाइम थंडावतं, त्यामुळे कार्बन ग्लुटामेटकडे वळतो. बायोटिन भरपूर असेल तर पेशी नुसत्या वाढत राहतात.

आता तुमचा हिशोब बघा. मळीत साखर निम्मी धरली, तर ५ टक्के साखरेसाठी लिटरला १०० ग्रॅम मळी लागते. उसाच्या मळीत किलोमागे साधारण १ ते ३ मिलिग्रॅम बायोटिन असतं, म्हणजे माध्यमात १०० ते ३०० मायक्रोग्रॅम झालं. पाणी घालून ते ५ वर आणायचं म्हटलं तर साखरही संपते.

म्हणून मळीवर पेनिसिलिन जी हे प्रतिजैविक वापरतात. ते पेशीभित्तिका कमकुवत करतं, पटलावर ताण येतो आणि तीच वाहिनी उघडते. सगळा खेळ वेळेचा आहे. वाढ वेगात आली की, साधारण ४ ते ६ तासांनी द्या. आधी दिलं तर पेशीच पुरेशा होत नाहीत. वाढ थांबल्यावर दिलं तर काही उपयोग नाही, कारण पेनिसिलिन वाढत्या पेशींवरच काम करतं. मिलिलिटरला १, ५ आणि १० युनिट असे तीन फ्लास्क लावा. १ युनिट म्हणजे ०.६ मायक्रोग्रॅम. द्रावण त्याच दिवशी बनवा. स्ट्रेनमध्ये ॲम्पिसिलिन-रोधक प्लाझ्मिड (बाहेरून घातलेला डीएनएचा छोटा गोल तुकडा) असेल तर मात्र पेनिसिलिन तुटून जाईल. तेव्हा ट्वीन ४० हे डिटर्जंटसारखं रसायन वापरून बघा.

या सगळ्याच्या आधी ग्लुकोजच्या साध्या माध्यमात दोन फ्लास्क लावा, एकात लिटरला ३ मायक्रोग्रॅम बायोटिन, दुसऱ्यात २००. पहिल्यात ग्लुटामेट आलं आणि दुसऱ्यात नाही, तर स्ट्रेन ठणठणीत आहे. इनॉक्युलम (सुरुवातीला घालायच्या पेशी) मात्र धुऊन घाला, नाहीतर आधीच्या माध्यमातलं बायोटिन सोबत येतं.

मळीच्या रंगाने ओडी फसवा येतो. पेशी सेंट्रिफ्यूज करून सलाईनने धुवा आणि मग मोजा.

नायट्रोजनचं गणित सोपं आहे: १ ग्रॅम ग्लुटामिक ॲसिडला किमान ०.२ ग्रॅम युरिया लागतो, पेशींच्या वाढीचा वेगळा. युरिया ऑटोक्लेव्ह करू नका (दाबाच्या वाफेत निर्जंतुक करू नका), तुटून अमोनिया होतो. ०.२ मायक्रॉनच्या फिल्टरने गाळा. एकदम ओतला तर युरिया तोडणाऱ्या युरिएझ एन्झाइममुळे पीएच वर उडतो. थोडा थोडा देत ७.२ ते ७.८ मध्ये ठेवा. पीएच खाली गेला तर ग्लुटामिन या दुसऱ्या अमिनो ॲसिडकडे माल वळतो.

हवेत काटकसर नको. २५० मिलिलिटरच्या फ्लास्कमध्ये ३० मिलिलिटरच माध्यम घ्या, शेकर २०० आरपीएमला. ऑक्सिजन कमी पडला की लॅक्टिक आणि सक्सिनिक ॲसिड साठतं. तापमान ३० ते ३२ अंश हवं. सोलापुरात एप्रिल-मेमध्ये थंड करण्याची सोय नसलेला शेकर खोलीच्या तापमानाखाली जाऊच शकत नाही, हीटर बंद असला तरी. आत साधा थर्मामीटर ठेवा आणि दुपारी ३ वाजता वाचा. डिस्प्लेवर भरवसा ठेवू नका.

मोजण्यासाठी ब्युटॅनॉल, ॲसेटिक ॲसिड, पाणी ४:१:१ मध्ये पेपर क्रोमॅटोग्राफी आणि अमिनो ॲसिडला रंग देणारं निनहायड्रिन पुरेसं आहे, पण शेजारी शुद्ध ग्लुटामिक ॲसिडचा ठिपका आणि न वापरलेल्या माध्यमाचाही ठिपका द्या. मळीत स्वतःचीच अमिनो ॲसिडं असतात. उत्पन्नाची कमाल मर्यादा एका ग्लुकोजला एक ग्लुटामेट धरा, म्हणजे १०० ग्रॅमला ८१.७ ग्रॅम. त्याहून जास्त आकडा आला तर मोजणी पुन्हा तपासा.