गॉगल घेण्याआधी झाकण, धूर आणि आग बघा

प्रश्न: माझी मुलगी १८ वर्षांची आहे. चित्रकला चांगली आहे, हातानं काहीतरी करत राहायला आवडतं. आता एका वर्कशॉपमध्ये लेझर कटर चालवायला शिकायचं म्हणते. तिथले लोक म्हणतात, दोन दिवसांत जमेल. मला तिच्या डोळ्यांची धास्ती वाटते. चांगला गॉगल घेऊन दिला तर पुरेल का? आणि या कामात पुढे काही आहे, की नुसतं बटण दाबायचं?

उत्तर:

सप्रेम नमस्कार,

गॉगल एवढ्यात घेऊ नका. आधी मशीन कोणतं आहे ते विचारून घ्या. ॲक्रेलिक, प्लाय, एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेली पाटी) कापणारं मशीन बहुधा कार्बन डायऑक्साइड भरलेल्या काचेच्या ट्यूबचं असतं, साधारण ४० ते १५० वॉटचं. त्याच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रोमीटर, म्हणजे तो डोळ्यांना दिसतच नाही. बेडवर, म्हणजे माल ठेवायच्या जाळीवर, जो लाल ठिपका दिसतो तो फक्त जागा दाखवण्यासाठी असतो. खरा किरण डोळ्यावर पडला तर बाहेरचा पारदर्शक पडदा भाजतो. पण झाकण बंद असलं की तो बाहेर येत नाही, कारण झाकणाच्या ॲक्रेलिकच्या खिडकीतून ही तरंगलांबी पार होत नाही. धातू कापणाऱ्या फायबर लेझरचं तसं नाही. तिथे तरंगलांबी १.०६ मायक्रोमीटरच्या आसपास असते, किरण थेट डोळ्याच्या मागच्या पडद्यापर्यंत पोचतो आणि साध्या ॲक्रेलिकमधून आरपार जातो. म्हणजे एका मशीनचा गॉगल दुसऱ्यावर कुचकामी. तरंगलांबी छापलेली नसेल तर तो गॉगल लेझरसाठी नाहीच, असं समजा.

त्यामुळे पहिल्या दिवशी तिनं गॉगलऐवजी झाकण बघावं. झाकण उघडलं की किरण आपोआप बंद करणारा स्विच मशीनला असायला हवा, त्याला इंटरलॉक म्हणतात. शिकवणाऱ्याला सांगावं, की अगदी कमी पॉवरवर एखाद्या तुकड्यावर रेघ मारताना झाकण किंचित उचलून दाखवा. किरण तिथल्या तिथे थांबला पाहिजे. काही ठिकाणी काम भराभर व्हावं म्हणून तो स्विच तार जोडून निकामी केलेला असतो. तसं असेल तर दुसरं वर्कशॉप शोधा. यात मी तडजोड सुचवणार नाही.

आता ज्याबद्दल तुम्ही विचारलेलंच नाही, पण विचारायला हवं होतं, ते म्हणजे आग आणि धूर. बंद झाकणाच्या मशीनवर रोजचा धोका या दोन्हींचा असतो.

३ मिमी ॲक्रेलिक कापताना खिडकीतून नीट बघितलं तर नोझलखाली, म्हणजे किरण सोडणाऱ्या हेडच्या टोकाखाली, एक बारीक उजळ ठिणगी दिसते आणि ती हेडबरोबर पुढे सरकते. ते ठीक आहे. हेड पुढे गेलं आणि मागे, कापलेल्या रेघेवर, पिवळी जीभ तशीच राहिली तर ती आग आहे. ॲक्रेलिकची वाफ पेट घेते, म्हणून हा फरक एका नजरेत ओळखता यायला हवा. त्यासाठी माणूस मशीनसमोर हवा. जॉब चालू ठेवून चहाला जाणं, फोनवर बोलत बाहेर जाणं, ‘दोनच मिनिटांचा कट आहे’ म्हणणं, यातलं काहीही चालत नाही. उरलेल्या बऱ्याच गोष्टी चुकल्या तरी निस्तरता येतात, हे एक चुकलं तर वर्कशॉप जळतं.

ज्योत मागे राहिली की आधी स्टॉप दाबायचं. लहान असेल तर झाकण उघडून ओल्या फडक्यानं दाबायची. ते फडकं मशीनशेजारी आधीच भिजवून ठेवलेलं हवं, ऐन वेळी शोधायचं नाही. विझत नसेल किंवा मोठी असेल तर झाकण बंदच ठेवायचं, इमर्जन्सी स्टॉप दाबायचा, एक्झॉस्ट (धूर ओढणारा पंखा) आणि कॉम्प्रेसर (नोझलला हवा देणारा पंप) बंद करायचे, कारण दोन्ही आगीला हवा पुरवतात. मग कार्बन डायऑक्साइडचं अग्निशामक वापरायचं. पावडरवालं चालतं, पण ती पावडर आरसे, लेन्स आणि रेल यांत जाऊन बसते. दुसरं काही नसेल तर मशीनचा विचार न करता तेच वापरावं. खोलीत धूर भरू लागला तर सगळं सोडून बाहेर पडायचं.

आग का लागते, तर कारणं ठरलेली आहेत. एअर असिस्ट, म्हणजे नोझलमधून येणारा हवेचा झोत, सुरू करायचा राहिला. स्पीड फार कमी ठेवला. बेडच्या जाळीखाली आधीच्या जॉबचे तुकडे आणि राळ साचली. आणि नवशिक्यांच्या हातून सर्रास होणारी चूक: फाइलमध्ये एकावर एक दोन रेघा. पडद्यावर ती एकच रेघ दिसते, पण मशीन तीच जागा दोनदा कापतं आणि तापलेली कड दुसऱ्या फेरीत पेटते. म्हणून कापायला पाठवण्याआधी सॉफ्टवेअरमध्ये डुप्लिकेट रेघा काढून टाकायची सवय हवी.

धुराचं म्हणाल, तर सगळ्यात आधी एक नाव पाठ असावं: पीव्हीसी, म्हणजे क्लोरीन असलेलं प्लास्टिक. ते तापलं की हायड्रोजन क्लोराइड निघतो. ओलाव्याशी गाठ पडली की त्याचं आम्ल होतं. ते छातीला बाधतं आणि मशीनच्या रेल, बेअरिंग, स्क्रू यांवर गंज चढवतं. पंचाईत ही, की पीव्हीसी आपलं नाव सांगत येत नाही. रेक्झिन, व्हिनाइलचे स्टिकर, फ्लेक्सचा कपडा, फोमशीट, बहुतेक त्यातलंच असतं. ॲक्रेलिकसारखी दिसणारी पॉलिकार्बोनेटची शीट पिवळी-तपकिरी पडते, नीट कापली जात नाही. एबीएस नावाचं प्लास्टिक वितळून चिकटतं आणि त्याच्या धुरात हायड्रोजन सायनाइड असतो. थर्मोकोल भडकतो. क्रोम टॅनिंगच्या, म्हणजे क्रोमियमचे क्षार वापरून कमावलेल्या, चामड्याचा धूरही घातक.

शंका आली तर तांब्याच्या तारेची जुनी परीक्षा आहे. मशीनपासून लांब, मोकळ्या हवेत, तार ज्योतीत लाल तापवायची, नमुन्याला टेकवायची, तार पुन्हा ज्योतीत धरायची. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन असण्याची शक्यता दाट, तो तुकडा मशीनमध्ये जाणार नाही. शिकवणाऱ्यानं हे एकदा करून दाखवलं की जन्मभर लक्षात राहतं. त्याहून सोपा नियम असा: गिऱ्हाईक जे मटेरियल घेऊन आलं ते कशाचं आहे हे सांगता येत नसेल, तर ते कापायचं नाही. नाही म्हणायला शिकणं हा या कामाचा भाग आहे. नव्या मुलांना ते जड जातं, म्हणून मुद्दाम लिहिते आहे. आणि जॉब संपल्यावर झाकण लगेच उघडायचं नाही. एक्झॉस्ट मिनिटभर चालू द्यायचा, आतला धूर ओढला गेला की मग उघडायचं.

ट्यूबच्या पाण्याबद्दल थोडक्यात सांगते. काचेची ट्यूब पाण्यानं थंड ठेवतात, पाणी साधारण १५ ते २५ अंशांत हवं. गरम झालं की पॉवर उतरते. पाणी फिरायचंच थांबलं तर ट्यूब तडकते. म्हणून मशीन चालू करताना आधी चिलर (पाणी थंड करून फिरवणारं यंत्र), मग बाकी सगळं. ट्यूबला हजारो व्होल्टचा दाब असतो, बंद केल्यावरही वीज पुरवठ्यात साठून राहू शकतो. मागचं झाकण आणि आरशांची जुळवणी हे शिकाऊ माणसाचं काम नव्हे.

आता बटणाचं. बटण कोणीही दाबतं, हे खरं आहे. प्रश्न असतो कोणत्या आकड्यावर दाबायचं. ६० वॉटच्या मशीनवर ३ मिमी ॲक्रेलिकला ६० ते ६५ टक्के पॉवर आणि सेकंदाला १० ते १५ मिमी स्पीड ही सुरुवात ठीक. पण लेन्सवर धुराचा थर असला, ट्यूब जुनी झाली किंवा फोकस अर्धा मिलिमीटर हलला की तेच आकडे फसतात. म्हणून प्रत्येक नव्या शीटच्या कोपऱ्यात छोट्या चौकटी कापून बघतात, एका दिशेला स्पीड वाढवत, दुसऱ्या दिशेला पॉवर. जी चौकट आपोआप खाली पडते आणि जिची कड काळवंडत नाही, तो आपला आकडा.

दुसरं उदाहरण खाचेचं. ३ मिमी प्लायचे दोन तुकडे एकमेकांत बसवायचे आहेत. किरण स्वतः साधारण ०.२ मिमी माल खातो. फाइलमध्ये ३ मिमीची खाच काढली तर कापून ३.२ होते आणि जोड डुगडुगतो. खाच २.८ काढावी लागते. त्यातही ३ मिमीचा म्हणून आलेला प्लाय मोजून बघितला तर २.७ किंवा ३.२ निघतो, तेव्हा व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावल्याशिवाय रेघ काढायचीच नाही. आधी कोरकाम, मग आतली भोकं, सगळ्यात शेवटी बाहेरची कड, हा क्रमही याच समजेतून येतो. बाहेरची कड आधी कापली तर तुकडा तिरका होतो आणि आतली भोकं सरकतात. चित्रकला येणाऱ्या मुलीला हे लवकर उमजेल, कारण कागदावरच्या रेघेला जाडी असते हे तिला ठाऊक आहे.

दोन दिवसांत काय होतं? चालू-बंद, फोकस, फाइल पाठवणं आणि आगीचे नियम, एवढं होतं. एकटीनं मशीन सांभाळायला माझ्या मते शिकवणाऱ्याच्या नजरेखाली निदान २५-३० वेगवेगळे जॉब व्हायला हवेत. दुसऱ्याच दिवशी ‘आता तू बघ’ म्हणून तिच्यावर मशीन सोपवत असतील, तर तिनं स्पष्ट सांगावं, की अजून कुणीतरी सोबत हवं.

पुढची वाट दोन अंगांनी जाते. एक डिझाइनची: पाट्या, ट्रॉफी, वास्तूंची मॉडेल, पॅकेजिंगचे नमुने. दुसरी शीटमेटलची, जिथे फायबर लेझर पोलाद कापतात. तिथे कापताना गॅस लागतो. साध्या पोलादाला ऑक्सिजन, कारण त्यात तापलेलं पोलाद जळतं आणि त्या उष्णतेचा कापायला हातभार लागतो. स्टेनलेसला नायट्रोजन, म्हणजे कड काळी पडत नाही. त्या कामात एका शीटवर जास्तीत जास्त तुकडे बसवणं, म्हणजे नेस्टिंग, आणि टू-डी कॅड, म्हणजे संगणकावर सपाट आराखडे काढणं, या दोन्हींना किंमत आहे. म्हणून वर्कशॉपबरोबरच कॅड आत्तापासून सुरू करावं. ‘मशीन येतं, पण फाइल दुरुस्त करता येत नाही’ असा ऑपरेटर लवकर अडकतो.

तुम्हाला काही घेऊनच द्यायचं असेल तर एक व्हर्निअर आणि एक जाड वही घेऊन द्या. वहीत प्रत्येक जॉबची एक ओळ: मटेरियल, मोजलेली जाडी, पॉवर, स्पीड, फेऱ्या, काय बिघडलं. शेजारी कापलेल्या चौकटीचा तुकडा चिकटवायचा. सहा महिन्यांनी नोकरीसाठी जाईल तेव्हा प्रमाणपत्राबरोबर ही वहीही पुढे ठेवायला सांगा.