सायलेन्सरच्या जोडातून गळती झाल्यास बॅक प्रेशर कमी होऊन मोटारसायकलची ताकद घटते का?

ताकद घटते, परंतु बॅक प्रेशर कमी झाल्यामुळे नव्हे. या गैरसमजापायी माझ्या गाडीवर भलतेच उपचार झाले, म्हणून सविस्तर लिहितो.

बॅक प्रेशर म्हणजे जळालेल्या वायूला बाहेर पडताना होणारा अडथळा. तो वाढला की पिस्टनची शक्ती वायू ढकलण्यात खर्च होते आणि सिलिंडरमध्ये उरलेला वायू ताज्या मिश्रणाची जागा अडवतो. फोर-स्ट्रोक इंजिनाला खरी गरज असते ती योग्य क्षणी परतणाऱ्या कमी दाबाच्या लाटेची. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच दाबाची लाट पाइपमधून धावते, पाइप जिथे रुंद होतो किंवा संपतो तिथून ती कमी दाबाची होऊन मागे फिरते, आणि दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकदम उघडे असताना ती पोहोचली, तर उरलासुरला वायू ओढून काढते व नवे मिश्रण आत येण्यास मदत करते. बारीक पाइपमुळे कमी आरपीएमवर पिकअप बरा मिळतो, तोही वायूचा वेग टिकल्यामुळे.

माझी गाडी एक सिलिंडरची, फ्युएल इंजेक्शनची. मोकळा सायलेन्सर बसवल्यानंतर काही महिन्यांनी खालचा पिकअप गेला, थ्रॉटल सोडताच फटफट आवाज येऊ लागला आणि अ‍ॅव्हरेजही घसरले. माझे थोरले चुलतबंधू इंजिनांच्या कामात मुरलेले. त्यांनी गाडी न उघडताच ‘प्रेशर गेले’ असा निकाल दिला आणि सायलेन्सरच्या तोंडात भोक पाडलेली चकती बसवली. खालचा पिकअप होता तसाच राहिला, वर मात्र गाडी गुदमरू लागली. पुढे थंड इंजिन सुरू करताना हेडजवळ (सिलिंडरच्या वरच्या झाकणाजवळ) टिकटिक ऐकू आली. पाहिले तर हेडमधून निघणाऱ्या बेंड पाइपच्या जोडावर काजळीचा ओघळ. मी जोडातले पॅकिंग (गळती रोखणारी कडी) बदलले, चकती काढून टाकली, आणि त्याच मोकळ्या सायलेन्सरवर गाडी पूर्ववत झाली. दादांचे म्हणणे आजही असे, की नव्या पॅकिंगने प्रेशर धरले! प्रेशरच कमी पडत होते, तर चकतीने गुण यायला हवा होता, याचे उत्तर ते देत नाहीत.

खरा प्रकार असा, की पाइपमधला दाब क्षणभर बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो तेव्हा फटीतून हवा आत ओढली जाते. ऑक्सिजन सेन्सर फटीच्या पुढे, म्हणजे सायलेन्सरच्या बाजूला, असेल तर त्याला जादा ऑक्सिजन दिसतो, ईसीयू (इंजिनाचा संगणक) मिश्रण लीन, म्हणजे कमी पेट्रोलचे, समजून पेट्रोल वाढवतो, आणि प्रत्यक्षात रिच, म्हणजे जादा पेट्रोलच्या, मिश्रणाने प्लग काळा पडतो. थ्रॉटल सोडल्यावर न जळलेले पेट्रोल त्याच हवेच्या साथीने पाइपमध्ये पेटते, ती फटफट. शिवाय फटीमुळे लाटेचा जोरही काही प्रमाणात मोडतो.

कार्बोरेटरच्या गाडीत सेन्सर नसल्याने पेट्रोल असे वाढत नाही. तिथे मुख्यतः आवाज आणि फटफट जाणवते. पूर्ण थ्रॉटलवर बहुतेक ईसीयू या सेन्सरकडे दुर्लक्ष करतात, त्यामुळे तिथला फरक कमी असतो. सायलेन्सरच्या शेपटीकडची बारीक गळती ताकदीच्या दृष्टीने किरकोळ. टू-स्ट्रोकला वरील विवेचन जसेच्या तसे लावू नये, कारण तिथे एक्स्पान्शन चेंबरमधून (एक्झॉस्ट पाइपच्या फुगीर भागातून) परतणारी जादा दाबाची लाट बाहेर निसटू पाहणारे ताजे मिश्रण पुन्हा सिलिंडरमध्ये ढकलते.

आपण इंजिन थंड असताना जोडावर साबणाचे पाणी लावून गाडी सुरू करावी. बुडबुडे आले तर नवे पॅकिंग घालून दोन्ही नट आलटून पालटून, थोडे थोडे आवळावेत. जुने पॅकिंग दाबले गेलेले असते, ते पुन्हा वापरू नये. त्याच वेळी जेट (कार्बोरेटरमधले पेट्रोलचे बारीक भोक), मॅपिंग (ईसीयूमधली पेट्रोलच्या प्रमाणाची मांडणी) किंवा सायलेन्सर यांपैकी कशालाही हात लावू नये, म्हणजे फरक कशाने पडला यावर कोणा दादांशी वाद घालावा लागणार नाही.