रिटर्न माणसाचं की कंपनीचं?

वाणिज्य शाखेचं शेवटचं वर्ष, कर विषयाची गोडी आणि उमेदवारीच्या दोन संधी: वैयक्तिक रिटर्न भरणारी लहान फर्म किंवा मोठ्या कंपनीचा कर विभाग. घरच्यांना कंपनी बरी वाटते, तुझं मन ठरत नाही, असं तू लिहिलं आहेस. पगार आणि नाव जरा बाजूला ठेव. दोन्हीकडे टेबलावर काय येतं, ते आधी पाहू.

फर्ममध्ये अर्धवट कागद येतात. समज, क्लायंटने १०० शेअर ४०० च्या भावाने घेतले, पुढे एकाचे दोन झाले आणि त्यातले १०० त्याने ३५० ला विकले. विभाजनानंतर खरेदीभाव २०० धरायचा, म्हणजे नफा १५,०००. जुना ४०० तसाच राहिला, तर ५,००० तोटा दिसतो आणि पुढे नोटीस क्लायंटच्या दारात येते. म्हणून इथे खरं कसब नेमकं विचारण्यात आहे. घर भाड्याने दिलंय का? वारसाहक्काने काही आलंय का? बहुतेक लोक लपवत नसतात, ते सांगायला हवं हेच त्यांना ठाऊक नसतं.

कंपनीत कागद पुरे असतात, पण हिशेबाची पुस्तकं आणि कर कायदा वेगवेगळं बोलतात. १० लाखांच्या यंत्रावर पुस्तकात १० टक्के घसारा (वापराने घटलेली किंमत), कायद्याने १५ टक्के. पहिल्या वर्षी फरक पन्नास हजारांचा. कराचा दर ३० टक्के असेल, तर १५,००० डिफर्ड टॅक्सचं, म्हणजे आज वाचलेल्या पण पुढे भराव्या लागणाऱ्या कराचं, दायित्व दाखवावं लागतं. नवखे इथे हमखास एक चूक करतात: ज्याची वजावट कधीच मिळत नाही असा दंडही याच हिशेबात घेतात. तो फरक कायमचा असतो, पुढच्या वर्षांत भरून येत नाही, म्हणून त्यावर डिफर्ड टॅक्स नाहीच.

माझं मत विचारशील, तर फर्मकडे छोटे व्यावसायिक, मालमत्तेची विक्री, दोन देशांतलं उत्पन्न अशी कामं असतील तर आधी तिथे दोन वर्षं काढ. एक रिटर्न पहिल्या कागदापासून नोटिशीच्या उत्तरापर्यंत तुझ्या हातून जाईल. नुसती पगारदारांची रिटर्न असतील तर नको. ते काम आता बरंचसं सॉफ्टवेअरच करतं. कंपनीत गेलास तर मुलाखतीतच विचार: कराची तरतूद (पुस्तकात कराची रक्कम धरणं), रिटर्न आणि लेखापरीक्षकांच्या प्रश्नांची उत्तरं, तिन्ही कामं आलटून पालटून मिळतील का? नाहीतर वर्षभर एकच तक्ता भरत बसशील. फर्ममधून कंपनीत जाताना लेखा मानकं (हिशेब मांडण्याचे ठरलेले नियम) शिकावी लागतात, अभ्यासाने ती येतात. कंपनीतून बाहेर पडून स्वतःचे क्लायंट जोडायला मात्र बरीच वर्षं जातात, हे घरच्यांनाही सांग.

ठरवण्याआधी दोन संध्याकाळी काढ. एका संध्याकाळी घरातल्या एकाचं वर्षभराचं बँक स्टेटमेंट घेऊन करपात्र उत्पन्न काढ. दुसऱ्या संध्याकाळी शेअर बाजारात नोंदलेल्या एखाद्या कंपनीच्या वार्षिक अहवालातली आयकराची टीप उघड आणि कायद्याचा दर व प्रत्यक्ष पडलेला दर यांच्यातल्या फरकाची एकेक ओळ स्वतःच्या शब्दांत लिही. घड्याळाकडे लक्ष कुठल्या संध्याकाळी गेलं नाही, ते मला कळव.