वाचकांचे प्रश्न : साक्षीदाराची आठवण आणि जबाबाची भाषा

प्रश्न : मी मूळची कुडाळची असून सध्या रत्नागिरीत मानसशास्त्रात एम.ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. पुढे गुन्हेगारीशास्त्र आणि न्यायविषयक मानसशास्त्र यांत संशोधन करण्याची इच्छा आहे. वडील म्हणतात, एलएल.बी. करून सिंधुदुर्गच्या जिल्हा मुख्यालयी, ओरोसला वकिली कर. प्राध्यापकांच्या मते गुन्हेगारीशास्त्राची आणखी एक पदव्युत्तर पदवी घ्यावी. शिवाय दुसऱ्या वर्षाच्या प्रबंधासाठी गुन्हेगाराच्या मनाचा वेध घेणारा विषय कोकणात राहून मिळेल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : तुमच्या शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, कारण त्याचे उत्तर मिळाले की पदवीचा प्रश्न बराच सोपा होतो. गुन्हेगाराचे मन हा या शाखेचा एक भाग आहे, पण दूरचित्रवाणी मालिकांमुळे तोच सर्वस्व वाटू लागला आहे. न्यायविषयक मानसशास्त्रातील सर्वांत भक्कम काम झाले आहे ते साक्षीदाराच्या स्मृतीवर. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांनी 1974 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना मोटार अपघाताच्या चित्रफिती दाखवून गाड्यांचा वेग विचारला. प्रश्नातील क्रियापद तेवढे बदलले. गाड्या एकमेकींना ‘लागल्या’ अशा अर्थाचा सौम्य शब्द वापरला तेव्हा सरासरी उत्तर ताशी सुमारे 32 मैल आले, तर ‘आदळून चुराडा झाला’ अशा अर्थाच्या शब्दाने ते सुमारे 41 मैलांवर गेले. त्यांच्याच दुसऱ्या प्रयोगात आठवड्यानंतर ‘फुटलेली काच दिसली का’ असे विचारले असता तीव्र शब्द ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जणांनी, तर तुलनेने सौम्य शब्द ऐकलेल्या 50 जणांपैकी 7 जणांनी होकार दिला. चित्रफितीत काच फुटलेली नव्हतीच.

आता हा प्रयोग मनातल्या मनात कुडाळात आणून पाहा. मुंबई–गोवा महामार्गावर अपघात होतो आणि प्रत्यक्ष पाहणारा मालवणीत सांगतो, ‘गाडी येवन लागली’. तपासातील जबाबात मात्र ‘समक्ष विचारल्यावरून जबाब देतो की’ या ठरलेल्या सुरुवातीनंतर ‘भरधाव वेगाने येऊन जोरदार धडक दिली’ असे वाक्य उतरू शकते. लिहिणाऱ्याचा हेतू वाईट असतो असे नाही; कार्यालयीन मराठीचे साचेच तसे आहेत. पोलिसांना दिलेल्या अशा जबाबावर साक्षीदाराची सही घेतली जात नाही, पण न्यायालयातील साक्ष त्याच्याशी जुळली नाही तर उलटतपासणीत बचावाचे वकील ती विसंगती पुढे आणू शकतात. ‘हा शब्द माझा नव्हे’ असे साक्षीदाराने म्हटले, तर ते खोटेपणाचे लक्षण मानायचे की भाषांतराचे? माझ्या मते तुमच्या प्रबंधाचा विषय हाच आहे आणि तो पुण्या-मुंबईच्या विद्यार्थ्यापेक्षा तुम्हाला अधिक जवळचा आहे, कारण तुम्हाला दोन्ही भाषा आतून कळतात.

मात्र चालू खटल्यातील साक्षीदारांना हात लावू नका. ते नैतिकदृष्ट्या गैर आहे आणि कायद्याच्या दृष्टीनेही अंगाशी येऊ शकते. स्वेच्छेने येणाऱ्या मालवणी भाषकांना अपघाताची चित्रफीत दाखवा, त्यांचे कथन ध्वनिमुद्रित करा, निम्म्यांना त्याचा कार्यालयीन मराठीतील मसुदा आणि निम्म्यांना त्यांचेच शब्द वाचून दाखवा आणि आठवड्याने पुन्हा विचारा. लेखी संमती आणि महाविद्यालयाच्या नीतिसमितीची परवानगी आधी घ्या.

पदवीबाबत वडिलांचा सल्ला झटकून टाकण्यासारखा नाही. पुराव्याचा कायदा न शिकता साक्षीवर संशोधन करणारे बरेच जण निरुपयोगी प्रश्नांवर वर्षे घालवतात. सरतपासणीत, म्हणजे साक्षीदार ज्या पक्षाचा त्याच्याच वकिलाने घेतलेल्या तपासणीत, सूचक (उत्तर सुचवणाऱ्या) प्रश्नांवर बंधन आहे आणि उलटतपासणीत ते चालतात, हा भेदच मानसशास्त्रज्ञासाठी केवढा विषय आहे! 1 जुलै 2024 पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाल्याने जुन्या पुस्तकांतील कलमांचे क्रमांकही बदलले आहेत. तरीही वकिली करायची नसेल, तर तीन वर्षांची एलएल.बी. एम.ए.नंतर लगेच नको. त्याऐवजी गुन्हेगारीशास्त्राकडे वळायचे असेल, तर मुंबईची टाटा समाजविज्ञान संस्था या क्षेत्रात जुनी आहे. तिचा ‘प्रयास’ हा उपक्रम 1990 पासून कैद्यांसोबत काम करतो. राष्ट्रीय न्यायसहायक विज्ञान विद्यापीठाचे केंद्र तुमच्या घरापासून फार लांब नसलेल्या, गोव्यातील फोंड्यालाही आहे. मात्र कोणता अभ्यासक्रम कोणत्या केंद्रात चालतो हे अर्जापूर्वी तपासा. यूजीसी-नेट परीक्षेत गुन्हेगारीशास्त्र हा स्वतंत्र विषय आहे, हेही ध्यानात असू द्या.

आरोपींची किंवा पीडितांची मानसिक तपासणी करण्याचा विचार असेल, तर वाट वेगळी आहे: त्यासाठी चिकित्सालयीन मानसशास्त्राचे मान्यताप्राप्त प्रशिक्षण आणि भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते. तिथे काम वाढत जाणार आहे. 16 ते 18 वयोगटातील मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर 2015 च्या बालन्याय कायद्यानुसार तो गुन्हा करण्याच्या त्याच्या मानसिक व शारीरिक क्षमतेचे प्राथमिक मूल्यमापन होते, आणि ते करणाऱ्या बालन्याय मंडळात बालमानसशास्त्राचा वा बालमनोविकाराचा व्यावसायिक नसेल तर अशा तज्ज्ञाची मदत घेतलीच पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने 2022 मध्ये स्पष्ट केले.

सुटीत घरी जाल तेव्हा ओरोसच्या सत्र न्यायालयात आठवडाभर जाऊन बसा. सर्वसाधारण फौजदारी खटले खुल्या न्यायालयात चालतात. पोक्सोची (बालकांवरील लैंगिक अत्याचारांची) प्रकरणे मात्र बंद दाराआड असतात. साक्षीदार मालवणीत काय बोलला आणि टंकलेखकाकडे कोणते वाक्य गेले, एवढेच दोन रकान्यांत, नावे न लिहिता, टिपत राहा.