पुन्हा वर्दी, पण दुसऱ्या दलाची : माजी सैनिकांचे प्रश्न

प्रश्न : वय ३८. पायदळातून १७ वर्षांनी हवालदार म्हणून पेन्शन घेऊन गावी आलो, त्याला १४ महिने झाले. आता डीएससीत, म्हणजे लष्करी ठिकाणांची राखण करणाऱ्या डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये जायचं आहे. पलटणीत असताना १६०० मीटर हसत पळायचो. सराव सुरू केला आणि आठव्याच दिवशी नडगी धरली. उंची १७० सेंमी, वजन तेव्हा ७१ किलो, आता ८३. कुठं चुकतंय? – एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : तुम्ही आठवणीतल्या शरीराला पळवताय, दुखतंय आजच्या शरीराला. दम दोन-तीन आठवड्यांत परत यायला लागतो, हाडं आणि स्नायूबंध मात्र दोन-तीन महिने घेतात. छाती ‘पळ’ म्हणते आणि नडगी मार खाते. पळताना प्रत्येक पावलाला वजनाच्या अडीच पट भार पडतो, म्हणजे वाढलेले १२ किलो पायाला ३० किलोसारखे लागतात. वर डांबरी रस्ता.

आधी नडगीवरून बोट फिरवून बघा. हाडाच्या आतल्या कडेनं वीतभर पट्टा दुखत असेल तर विश्रांतीनं बरं होतं. एकाच ठिकाणी, रुपयाएवढ्या जागेत कळ मारत असेल, त्या पायावर उडी घेतली की जीव जात असेल, तर हाडाला बारीक चीर असू शकते. असं असेल तर पळणं त्याच दिवशी बंद करून अस्थिरोगतज्ज्ञ गाठा. सुरुवातीच्या एक्स-रेत ही चीर बऱ्याचदा दिसत नाही, हे लक्षात ठेवा.

साधी नडगीदुखी असेल तर सोळा आठवडे हाताशी धरा. पहिले दोन आठवडे नुसतं ४० मिनिटं झपाझप चालणं आणि पायरीच्या कडेवर उभं राहून टाचा वर-खाली, १५ च्या तीन खेपा. पुढचे चार आठवडे एक दिवसाआड १ मिनिट पळणं, २ मिनिटं चालणं, असं दहा वेळा. दर आठवड्याला पळणं वाढवा, चालणं घटवा. सहाव्या आठवड्याअखेर २० मिनिटं सलग पळता आलं पाहिजे, तेही शेजाऱ्याशी बोलत. सातव्यापासून आठवड्यातून एकदा ४०० मीटरच्या सहा फेऱ्या, मध्ये २ मिनिटं चालणं. फेरी आधी १ मिनिट ५० सेकंदांत, मग दर पंधरा दिवसांनी ५ सेकंद कमी. चौदाव्या आठवड्यात १ मिनिट ३५ सेकंदांवर याल, म्हणजे १६०० मीटर ६ मिनिटं २० सेकंदांच्या आसपास. भरतीच्या जाहिरातीतली वेळ याहून कडक असेल तर आठवडे वाढवा, फेऱ्यांचा वेग एकदम वाढवू नका. घड्याळ लावून पूर्ण धाव पंधरवड्यातून एकदाच. बहुतेक जण पहिल्या फेरीत हरतात, कारण ती जुन्या जोशात जाते.

पळायला शाळेचं मैदान उत्तम. भेगाळलेल्या काळ्या रानात घोटा मुरगळतो. एप्रिल-मे महिन्यांत सहाच्या आत सराव संपवा. घाम फार गेला तर एक लिटर पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून घ्या.

वजन आठवड्याला अर्धा किलो उतरवा. ज्वारीची भाकरी सोडू नका. जेवणाला दोन पुरे, सोबत घट्ट वरण, उसळ नाहीतर अंडी. दिवसाचे पाच चहा, प्रत्येकी दोन चमचे साखर, हे आधी कमी करा. वजन उतरवणाऱ्या गोळ्या-पावडरी नकोत, काहींनी नाडी आणि रक्तदाब चढतो.

वैद्यकीय तपासणीसाठी तीन महिने आधीच रक्तदाब, साखर, दात आणि डोळे बघून घ्या. कानातला मळ काढा. मूळव्याध, हायड्रोसील, पिंडरीच्या फुगलेल्या शिरा लपवू नका. शस्त्रक्रिया करायची असेल तर जखम भरून यायला वेळ मिळाला पाहिजे. गुटखा, मावा खात असाल तर आजच थांबवा. तोंडात स्वतःची तीन बोटं उभी बसत नसतील तर दंतवैद्याला दाखवा.

आता मनाचं. डीएससीत हवालदाराच्या फिती सोबत येत नाहीत, शिपाई म्हणून उभं राहावं लागतं. वयानं लहान असलेला गार्ड कमांडर तुम्हाला ड्यूटी सांगेल. ही गोष्ट केरळात, डीएससीच्या कण्णूरच्या सेंटरला पोचल्यावर कळू देऊ नका. आत्ताच घरात बोला, गावात सांगा. ‘मेजर, परत शिपाई?’ हा प्रश्न पारावर येणारच. तो चार वेळा ऐकला की टोचायचं थांबतो. संतरी ड्यूटी, म्हणजे पहारा, दोन तास उभं राहण्याची असते, तीही रात्री. आठवड्यातून एकदा बूट घालून तसे उभे राहा. गुडघे ताठ लॉक केले की रक्त पिंडऱ्यांत साचतं आणि चक्कर येते. बुटाच्या आत बोटं हलवत राहा.

प्रश्न : नौदलात १५ वर्षं पेटी ऑफिसर होतो. डीएससीत गेल्यावर ड्रिल जमेल का? – एक वाचक, उदगीर

उत्तर : जमेल, पण हात जुनी सवय सोडत नाही. नौदलाच्या सलामीत तळवा जमिनीकडे असतो, सैन्यात तो समोरच्याला पूर्ण दिसतो. आरशासमोर रोज ५० वेळा सावकाश करा. कोपर खांद्याच्या रेषेत, मनगट सरळ. घाईत केलं की जुनाच हात वर जातो. डिस्चार्ज बुक आणि पीपीओवरचं (पेन्शनच्या आदेशावरचं) नाव, जन्मतारीख आधारशी अक्षरन् अक्षर जुळवून बघा. फरक असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयामार्फत दुरुस्ती आत्ताच सुरू करा.

प्रश्न : धावणं टाळायचं म्हणून छत्रपती संभाजीनगरची इको बटालियन बरी पडेल का? वय ४१. – एक वाचक, जालना

उत्तर : त्या कारणासाठी नको. १३६ इको बटालियन ही टेरिटोरियल आर्मीची, माजी सैनिकांना घेणारी. काम मराठवाड्यातल्या उजाड रानावर झाडं लावायचं आणि जगवायचं. मुरमात खड्डे खणताना कंबर आणि खांदा बोलतात. पहार घेऊन २० मिनिटं, मग १० मिनिटं विश्रांती, अशा तीन खेपा एक दिवसाआड करा. वाकताना पाठ नाही, गुडघे आणि खुबे वाकवा. दोन्ही हातांत १५-१५ लिटरचे कॅन घेऊन १०० मीटरच्या सहा फेऱ्या मारा. दुसऱ्या सकाळी कळ पायात उतरत असेल तर आधी मणक्याची तपासणी, मग अर्ज.