दातांच्या डॉक्टरनं मेंदूतल्या वेदनेवर संशोधन करावं का? निपाणीच्या एका वडिलांना उत्तर

निपाणीच्या एका वडिलांनी लिहिलंय: मुलगी बेळगावात बीडीएस करून सध्या इंटर्नशिप करतेय. घरच्यांना वाटतं तिनं गावात दवाखाना टाकावा. ती म्हणते, जबड्याला मार लागल्यावर वर्षानुवर्षं न जाणारं दुखणं आणि त्यात मेंदूचा वाटा, यावर काम करायचंय. यात पोटापाण्याचं काय, शिकलेलं सगळं वाया जाईल का, आणि आत्ता तिनं काय करावं, असे त्यांचे प्रश्न आहेत.

सप्रेम नमस्कार.

शिकलेलं वाया जाणार नाही. चेहरा, दात आणि जबडा यांची बहुतेक संवेदना ट्रायजेमिनल या मज्जातंतूच्या तीन शाखांतून मेंदूकडे जाते, आणि या शाखा दंतवैद्याइतक्या बारकाईनं फार थोडे लोक शिकतात. खालचा जबडा मोडला की हाडातून जाणारी नसही कधी चेपते, कधी ताणली जाते. चार-सहा आठवड्यांत हाड धरतं, एक्स-रे चांगला दिसतो, पण काहींचा खालचा ओठ बधिर राहतो. काहींना तिथंच आग होते, दाढी करतानाही कळ जाते. तीन महिन्यांपेक्षा जास्त टिकणाऱ्या किंवा पुन्हा पुन्हा उठणाऱ्या दुखण्याला जुनाट वेदना म्हणतात. एकाच प्रकारचं फ्रॅक्चर झालेल्या दोघांपैकी एक सुटतो आणि दुसरा अडकतो, तो का? तुमच्या मुलीचा प्रश्न हाच आहे, आणि तो खरा प्रश्न आहे.

मेंदूचा भाग असा. १९५४ मध्ये ओल्ड्स आणि मिल्नर या संशोधकांनी दाखवलं की मेंदूच्या ठरावीक जागी सौम्य विद्युत उत्तेजन मिळावं म्हणून उंदीर पुन्हा पुन्हा कळ दाबतो. हवंसं वाटलेलं पुन्हा करायला लावणारी ही मेंदूची बक्षीस-यंत्रणा. तिच्यातलं एक महत्त्वाचं केंद्र म्हणजे न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स. २०१२ मध्ये अमेरिकेतले वेदना-संशोधक आपकारियन यांच्या गटानं नव्यानं पाठदुखी सुरू झालेल्यांचे वर्षभर स्कॅन घेतले. ज्यांच्यात हे केंद्र आणि कपाळामागचा प्रीफ्रंटल भाग यांची जोडणी सुरुवातीपासून घट्ट होती, त्यांचं दुखणं टिकण्याची शक्यता जास्त दिसली. अर्थात हे पाठीचं झालं. चेहऱ्याला ते जसंच्या तसं लावता येत नाही, तपासावं लागतं.

निपाणीत तर दुखणं, तंबाखू आणि ही यंत्रणा यांचा संबंध रोज डोळ्यांसमोर असतो. दाढ ठणकते म्हणून मशेरी लावायला घेतली, दाढ काढली, तरी डबी सुटत नाही. निकोटीन याच बक्षीस-यंत्रणेवर काम करतं. म्हणून तिच्या प्रत्येक तपासणी-फॉर्मवर तंबाखूचा रकाना हवाच: मशेरी, जर्दा, विडी की गुटखा, दिवसातून किती वेळा, आणि सकाळी उठल्यावर किती मिनिटांत पहिल्यांदा. हा रकाना राहिला तर पुढं वेदनेचा परिणाम कुठला आणि तंबाखूचा कुठला, हे वेगळं काढता येत नाही.

आता इंटर्नशिपमध्ये काय करायचं ते. मेंदूचे स्कॅन, मोठी यंत्रं हे सगळं नंतर. आधी जबड्याच्या फ्रॅक्चरच्या रुग्णांचा मार लागल्या दिवसापासूनचा पाठपुरावा शिकायचा. सर्जरी विभागात गाईड धरायचा, दोन-तीन पानांचा आराखडा लिहायचा, संस्थेच्या एथिक्स कमिटीची (रुग्णांवरच्या संशोधनाला परवानगी देणारी समिती) लेखी मंजुरी घ्यायची, आणि मगच पहिला रुग्ण नोंदवायचा. आधी माहिती गोळा करून मागाहून मंजुरी मागितली तर ते सगळं काम बाद होतं. संमतीपत्र मराठीत आणि कन्नडमध्ये, दोन्ही हवं. नोंदी पहिल्या आठवड्यात, सहाव्या आठवड्यात, तिसऱ्या आणि सहाव्या महिन्यात. दर वेळी शून्य ते दहा या पट्टीवर वेदना, तोंड किती मिलिमीटर उघडतं, झोप कशी लागते. शिवाय डोळे मिटायला सांगून हनुवटीवर कापसाची वात फिरवायची: आधी न दुखणारी बाजू, मग दुखरी. स्पर्श कमी जाणवतो की नुसत्या कापसानंही दुखतं, हे वेगवेगळं लिहायचं. मारहाणीतली जखम वाटली तर नातेवाइकांना बाहेर बसवून विचारायचं.

काम बिघडतं ते पाठपुराव्यात. जबडा बांधलेल्या तारा काढल्या की माणूस परत येत नाही, ऊसतोडीला आलेला तर हंगाम संपताच गावी जातो. समजा १०० जण नोंदवले, तिसऱ्या महिन्यात ४० आले आणि त्यांतल्या २० जणांना दुखतंय. आकडा ५० टक्के दिसेल. पण दुखणारेच जास्त करून परत येतात. न आलेल्या ६० जणांना काहीच होत नसेल तर खरा आकडा २० टक्के आहे. म्हणून पहिल्याच दिवशी दोन फोन नंबर घ्यायचे, एक घरातल्या दुसऱ्या माणसाचा. जो येणार नाही त्याला तेच प्रश्न त्याच क्रमानं फोनवर विचारायचे.

स्कॅनबद्दल एवढंच: जबड्यातल्या टायटॅनियमच्या पट्ट्यांभोवती एमआरआयचं चित्र बिघडतं, स्टीलच्या आर्च बारनं (जबडा बांधताना दातांना लावतात ती पट्टी) त्याहून जास्त. मेंदूचं काम टिपणारा एफएमआरआय स्कॅन रक्तातल्या ऑक्सिजनमधला बदल दाखवतो, बक्षीस-यंत्रणेतलं डोपामाइन हे रसायन दाखवत नाही. हे दोन मुद्दे ज्याला माहीत आहेत त्याचा अर्ज निवड समितीपुढं वेगळा उठून दिसतो.

पुढची वाट नीट-एमडीएसची, म्हणजे दंतवैद्यकाच्या पदव्युत्तर (एमडीएस) प्रवेश परीक्षेची. इंटर्नशिप पूर्ण होण्याची शेवटची तारीख माहितीपत्रकात आधी बघा, त्यापायी मुलांचं वर्ष जातं. शाखा माझ्या मते ओरल मेडिसिन अँड रेडिओलॉजी, कारण चेहऱ्याच्या वेदनेचं निदान तिथं शिकवतात. ऑपरेशन थिएटरची मनापासून आवड असेल तरच मॅक्सिलोफेशिअल सर्जरी, म्हणजे जबडा-चेहऱ्याची शस्त्रक्रिया. तीन वर्षांत प्रबंध करावाच लागतो, तो याच विषयावर घ्यावा. त्यानंतर पीएचडी: बंगळूरला निम्हान्स ही मेंदू व मनाच्या आजारांची संस्था आणि आयआयएससी या विज्ञानसंस्थेचं सेंटर फॉर न्यूरोसायन्स जवळ पडतात.

पैशांचं स्पष्ट सांगायला हवं. २०२३ पासून पीएचडी करताना मिळणारी ज्युनिअर रिसर्च फेलोशिप महिना ३७,००० रुपये आहे, दोन वर्षांनंतर ४२,०००, घरभाडं वेगळं. एवढ्यावर एकटी मुलगी नीट राहते, पण खासगी कॉलेजच्या एमडीएससाठी काढलेल्या मोठ्या कर्जाचे हप्ते यातून फिटत नाहीत. सरकारी जागा किंवा कमी फीची जागा मिळत नसेल तर एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा द्यावी, असं माझं ठाम मत आहे. दवाखान्याची वाट बंद होत नाही. एमडीएस झाल्यावर निपाणीत चेहऱ्याच्या दुखण्याचा दवाखानाही टाकता येईल, आणि डेंटल कॉलेजात शिकवण्याची नोकरीही आहे.

या आठवड्यात तिनं गाईडला भेटून तीन गोष्टी विचाराव्यात: गेल्या वर्षी विभागात जबड्याची किती फ्रॅक्चर आली, त्यांतले किती रुग्ण तीन महिन्यांनी परत आले, आणि एथिक्स कमिटीची पुढची बैठक कधी आहे.